महागडं घड्याळ घेताना, ओरिजिनल की कॉपी: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलावर आणि फोनवर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही कॉलेज रोडच्या मुलांचे असतात, काही अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या इंजिनिअरांचे, काही द्राक्षाचा हंगाम चांगला गेला म्हणून पहिल्यांदाच मोठं घड्याळ घ्यायला निघालेल्या निफाड-दिंडोरीच्या मंडळींचे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे आणि पुढे अडचणीचे, असा क्रम आहे. एक गोष्ट एकाच ठिकाणी सांगितली आहे, बाकी ठिकाणी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

माझं मत आधीच सांगते. घड्याळ पारखायला शिकणं चांगलंच आहे, पण पैसे वाचतात ते विकणाऱ्याला पारखल्यामुळे.

१. लक्झरी घड्याळ नेमकं कितीपासून सुरू होतं?

अशी सरकारी रेघ कुठे नाही. बाजारात साधारण असं धरतात: टायटन, सिटिझन, सेइको, कॅसिओ ही रोजची चांगली घड्याळं. टिसॉटपासून स्विस घड्याळांची पहिली पायरी. लाँजिन्स, राडो, टॅग ह्यूअर ही त्यावरची. ओमेगा, रोलेक्स, कार्तिए यांच्यापासून खरी लाखांची भाषा. पातेक फिलिप वगैरे त्याही पलीकडे. पहिलं घड्याळ घेणाऱ्यानं थेट वरच्या पायरीवर उडी मारायची काही गरज नाही.

२. क्वार्ट्झ, ऑटोमॅटिक आणि चावीचं यात फरक काय? महाग कोणतं?

क्वार्ट्झमध्ये सेल असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक वेळ राखतो. चावीच्या घड्याळात स्प्रिंग रोज हातानं भरावी लागते. ऑटोमॅटिकमध्ये तीच स्प्रिंग मनगटाच्या हालचालीनं फिरणारा रोटर भरतो. अचूकतेत साधं क्वार्ट्झही लाखाच्या ऑटोमॅटिकला मागे टाकतं. १९६९ मध्ये सेइकोनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हापासून ही गोष्ट उघड आहे. तरी ऑटोमॅटिकला जास्त पैसे पडतात ते त्यातल्या बारीक कारागिरीचे. घड्याळ हातात घालणार नसाल, कपाटात ठेवणार असाल, तर क्वार्ट्झ घ्या. ऑटोमॅटिक दोन-तीन दिवसांत थांबेल आणि प्रत्येक वेळी वेळ-तारीख लावत बसावं लागेल.

३. दुकानदार 'फर्स्ट कॉपी', 'सेव्हन ए', 'मास्टर कॉपी' म्हणतात. यात दर्जाचा फरक असतो का?

ही सगळी विकणाऱ्यांनी पाडलेली नावं आहेत. त्यांना कुठलंही मानक नाही, कोणी तपासत नाही. एकाच्या दुकानातली सेव्हन ए दुसऱ्याच्या दुकानात मास्टर असते. प्रत्यक्षात तीन थर दिसतात. पहिला, दोन-चार हजारांचा: आत साधं क्वार्ट्झ किंवा स्वस्त चिनी ऑटोमॅटिक मशीन, वरून मोठ्या ब्रँडचं डायल. दुसरा, दहा-पंधरा हजारांचा: केस (मशीनभोवतीचं धातूचं कवच) आणि पट्टा बरा, मशीन तसंच. तिसरा 'सुपर क्लोन': मूळ मशीनचीच नक्कल केलेली असते आणि किंमत पन्नास हजारांच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. हा तिसरा प्रकार काचेवरून बघून अनुभवी माणसालाही पटकन सांगता येत नाही, झाकण उघडावं लागतं. तिन्ही थरांत एक गोष्ट सारखी आहे: डायलवरचं नाव परवानगीशिवाय छापलेलं असतं.

४. ताई, चार हजारांत हुबेहूब मिळतंय तर चार लाख कशाला घालायचे?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. त्यामुळे उत्तर जरा लांब आहे.

आधी समोरच्याचं जे खरं आहे ते मान्य करू. चार लाखांतले सगळे पैसे मशीनचे नसतात. त्यात नाव आहे, जाहिरात आहे, दुकानाचं भाडं आहे, आयातशुल्क आणि १८ टक्के जीएसटी आहे. निव्वळ वेळ बघायची असेल तर चार लाख घालायला मीच सांगणार नाही.

पण चार हजारांत 'तेच' मिळतं हे खोटं आहे. स्विस क्रोनोमीटर (म्हणजे अचूकतेचं) प्रमाणपत्र मिळवायचं तर प्रत्येक मशीन पंधरा दिवस, पाच स्थितींमध्ये आणि तीन तापमानांत तपासलं जातं. दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच मुभा असते. रोलेक्स स्वतःच्या घड्याळांना दोन्हीकडे २ सेकंदांचीच मुभा देते. माझ्याकडे येणाऱ्या कॉप्या टायमिंगच्या यंत्रावर ठेवल्या की आडवं घड्याळ एक आकडा दाखवतं, उभं केलं की भलताच. चार महिन्यांनी आणखी तिसरा.

एक घड्याळ डोळ्यांसमोर आहे. नामांकित क्रोनोग्राफची (स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाची) कॉपी, अंबडच्या एका इंजिनिअरनं आणलेली. तक्रार अशी की वरचं बटण दाबलं की स्टॉपवॉच सुरू होण्याऐवजी छोटा काटा एक घर पुढे सरकतो. झाकण काढलं तर मशीन जाड प्लॅस्टिकच्या रिंगेत बसवलेलं. स्क्रूंच्या खाचा आधीच झिजलेल्या, काचेच्या कडेला गोंदाचा पिवळा थेंब वाळलेला. तीन छोट्या डायलपैकी एकावर वार होता, एकावर तारीख आणि तिसऱ्यावर चोवीस तास. आत स्टॉपवॉच मुळात नव्हतंच, त्याचं चित्र तेवढं डायलवर होतं. प्लॅस्टिकची रिंग स्वस्त खऱ्या घड्याळांतही असते, त्यात गैर काही नाही. पण ज्या घड्याळाची ही नक्कल होती त्यात ती सापडणार नाही.

ते दुरुस्त करता आलं नाही, आणि कॉपीचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे. सुटे भाग मिळत नाहीत, ब्रँडचं सर्व्हिस सेंटर हात लावत नाही, आणि आमच्यासारख्यानं तासभर घालवला तर मजुरी घड्याळाच्या किमतीइतकी होते. खरं ऑटोमॅटिक पाच ते दहा वर्षांनी सर्व्हिस करत राहिलं की मुलाच्या मनगटावर जातं. कॉपी बंद पडली की टाकून द्यायची, पुन्हा विकायला गेलं तर शून्य.

आणि चार हजारांतच घ्यायचं असेल तर त्या पैशांत खरं घड्याळ मिळतं. टायटन, कॅसिओ, टायमेक्स ही आपल्या स्वतःच्या नावानं विकली जाणारी, बिल-वॉरंटीसकट मिळणारी घड्याळं आहेत. कॉपीचं बजेट सांगा, त्याच बजेटमधलं ओरिजिनल मी सांगते. थोड्या जास्त पैशांसाठी प्रश्न १५ बघा.

५. कॉपी घेणं गुन्हा आहे का? पोलीस पकडतील का?

ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे खोटा ट्रेडमार्क लावलेला माल बनवणं, विकणं किंवा विक्रीसाठी ठेवणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद आहे. स्वतः वापरायला एक घड्याळ घेणाऱ्यावर या कलमांचा रोख नाही. पण तेच घड्याळ उद्या तुम्ही 'ओरिजिनल आहे' म्हणून मित्राला विकलंत तर तुम्ही विक्रेते झालात, आणि वर फसवणुकीचा प्रश्नही आला. माल मागवून ओळखीत वाटण्याचा 'साइड बिझनेस' करणाऱ्या मुलांनी हे नीट वाचावं.

६. नाशिकमध्ये खात्रीचं ओरिजिनल कुठे मिळेल?

दुकानाचं नाव मी सुचवत नाही, शोधायची रीत सांगते. ज्या ब्रँडचं घड्याळ हवं त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विक्रेता शोधण्याची सोय असते. तिथे नाशिक टाका. जे नाव-पत्ता दिसेल तेच अधिकृत. दुकानाच्या पाटीवर ब्रँडचं चिन्ह रंगवलेलं आहे म्हणून दुकान अधिकृत होत नाही.

रोजच्या आणि मधल्या किमतीच्या घड्याळांसाठी कॉलेज रोड, गंगापूर रोड, एम. जी. रोड आणि मॉलमधली दुकानं बघितली तर शहराबाहेर जावं लागत नाही. लाखांच्या वरचे काही ब्रँड शोधताना मात्र यादीत मुंबई-पुणेच दिसतं. तेव्हा एक दिवस काढून जाऊन या. एवढी रक्कम घालताना घड्याळ हातावर घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. ४२ मिलिमीटरचं डायल फोटोत छान दिसतं आणि बारीक मनगटावर ताटलीसारखं बसतं.

७. बिलावर काय काय बघायचं?

बिलाशिवाय महागडं घड्याळ घेऊच नका. 'बिल घेतलं तर जीएसटी लागेल, तसंच घ्या' असं कोणी म्हणालं की तिथून निघा.

बिलावर घड्याळाचा मॉडेल क्रमांक आणि सिरियल क्रमांक दोन्ही लिहून घ्या. नुसतं 'रिस्ट वॉच, १ नग' चालत नाही. दुकानाचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की व्यवसायाचं नाव दिसतं. ते नाव आणि पाटीवरचं नाव यांचा मेळ बसतो का बघा. अधिकृतपणे आयात केलेल्या घड्याळाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असलेलं लेबल असतं. वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख आणि विक्रेत्याची नोंद तुमच्यासमोर करून घ्या, आणि कार्ड डिजिटल असेल तर फोनवर लगेच उघडून बघा.

पैशांचं: दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्यानं मनाई आहे, आणि दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतं. घड्याळ दहा लाखांच्या वर असेल तर एप्रिल २०२५ पासून दुकानदार १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतो. तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना करात वळता होतो. द्राक्ष-कांद्याचा पैसा हातात रोख असतो म्हणून 'सगळं रोखीत करू' असं म्हणणारे येतात. त्यांनी आधी बँकेत भरणा करावा आणि मग खरेदीला जावं.

८. घरच्या घरी खरं-खोटं कसं ओळखायचं?

येवल्याची पैठणी घेताना जाणती बाई पदर उलटून बघते. हातमागाचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, यंत्रमागाच्या मागे सुटे धागे असतात. घड्याळाचंही असंच आहे, जिथे कोणी बघणार नाही अशी जागा आधी बघा.

दहापट मोठं दाखवणारं भिंग दोन-तीनशे रुपयांना मिळतं, ते घ्या. खिडकीजवळच्या उजेडात डायलवरची अक्षरं बघा. खऱ्याची शाई जाडसर, कडा धारदार, दोन अक्षरांमधलं अंतर सारखं. कॉपीत शाई पसरलेली, 'ओ'चं पोट चपटं. मग काट्यांच्या कडा बघा, तिथे खरवड किंवा धातूचा कीस दिसायला नको. तारखेचा आकडा खिडकीच्या बरोबर मध्ये आहे का ते बघा, तेही एका तारखेला नाही, पाच-सहा तारखा फिरवून. रोलेक्सच्या तारखेवरचं छोटं भिंग आकडा अडीच पट मोठा करतं. कॉपीत बहुतेक वेळा तो कमी मोठा दिसतो.

नंतर पट्टा. कड्या उलट बाजूनं हाताला टोचतात का? बकल बंद करताना 'टक्' असा घट्ट आवाज येतो की पत्र्यासारखा खुळखुळतो? चावी बाहेर ओढा: ठरलेल्या ठिकाणी थांबायला हवी, डुलायला नको. क्रोनोग्राफ असेल तर बटण दाबा आणि स्टॉपवॉच खरंच चालतंय का, परत शून्यावर बरोबर येतंय का बघा.

मागची काच पारदर्शक असेल आणि आत मशीन दिसत असेल तर अनेक जण खूश होतात. रोलेक्सच्या बाबतीत उलट आहे. थोडे अपवाद सोडले तर त्यांचं झाकण बंदच असतं.

या सगळ्यातून फक्त वाईट कॉपी पकडता येते. चांगली कॉपी नाही, तिथे झाकण उघडणारा माणूस किंवा ब्रँडचं सर्व्हिस सेंटरच लागतं.

९. सेकंदकाटा टकटक न करता सरकत गेला म्हणजे ओरिजिनल, बरोबर ना?

नाही. ही समजूत आता सोडा. काटा सरकत जातो तो मशीन ऑटोमॅटिक किंवा चावीचं आहे म्हणून, आणि ते कॉपीतही असतं. बारकाईनं बघितलं तर काटा सरकत नसतोच, सेकंदाला सहा किंवा आठ बारीक उड्या मारतो. उलट कार्तिए, लाँजिन्स, टॅग ह्यूअर यांची खरीखुरी क्वार्ट्झ घड्याळं टकटक करतात. रोलेक्सनंही सत्तरच्या दशकापासून काही काळ क्वार्ट्झ बनवलं होतं.

वजनाचंही तसंच. जड म्हणजे ओरिजिनल नाही. टायटॅनियमची खरी घड्याळं हातात घेतली तर खेळण्यासारखी हलकी लागतात.

१०. डायलवर 'स्विस मेड' लिहिलंय. मग तरी खरं का?

छापायला शाईच लागते, त्यामुळे नुसत्या अक्षरांना पुरावा मानू नका. खऱ्या अर्थानं स्विस मेड म्हणायला मशीन स्विस असावं लागतं, केसमध्ये बसवणं आणि शेवटची तपासणी स्वित्झर्लंडमध्ये व्हावी लागते, आणि १ जानेवारी २०१७ पासून घड्याळाच्या निर्मितिखर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथला असावा लागतो. नुसतं 'स्विस मूव्हमेंट' लिहिलेलं घड्याळ वेगळं. आतलं मशीन स्विस, बाकी कुठलंही. त्यात फसवणूक नाही, पण किंमत त्या हिशेबानं द्या.

११. बॉक्स आहे, कार्ड आहे, सिरियल नंबरही जुळतोय. आता तर खात्री?

बॉक्स आणि कार्डं वेगळी विकत मिळतात, खरी जुनीही आणि बनावटही. एकच खरा सिरियल नंबर हजारो कॉप्यांवर कोरलेला असू शकतो, त्यामुळे कार्ड आणि घड्याळ जुळलं तरी दोन्ही खोटी असू शकतात. इंटरनेटवरच्या 'नंबर टाका, साल बघा' अशा पानांवर फार तर तो क्रमांक कोणत्या काळातला आहे एवढंच कळतं. तुमच्या हातातलं घड्याळ तेच आहे का ते नाही. रोलेक्स तर २०१० च्या सुमारापासून क्रमांक क्रमानं देतच नाही, त्यामुळे सालही काढता येत नाही.

भरवसा ठेवायचा असेल तर ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरच्या पावतीवर ठेवा. त्यांनी उघडून बघितलेलं असतं.

१२. सेकंड हँड घ्यावं का? दीड लाख वाचतायत.

घ्यावं, चांगला मार्ग आहे, पण घाईत नाही. विकणारा व्यक्ती असेल तर मूळ बिल मागा आणि बिलावरचं नाव त्याच्या ओळखपत्राशी ताडा. सौदा ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरच्या दारात करा: आधी तपासणी, मग पैसे. तपासणीचा खर्च कोण देणार ते आधी ठरवा. जो माणूस खरं विकतोय त्याला यात अडचण नसते, आणि ज्याला आहे त्याच्याशी पुढे बोलूच नका.

काही ब्रँडनी आता स्वतःच तपासलेली जुनी घड्याळं विकायला सुरुवात केली आहे. रोलेक्सची अशी योजना डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. किंमत जास्त पडते, पण झोप शांत लागते. शेवटची सर्व्हिस कधी झाली ते विचारायला विसरू नका. मोठ्या ऑटोमॅटिकची सर्व्हिस हजारोंत जाते आणि 'वाचलेल्या' पैशांतून ती वजा करायची असते.

१३. व्हॉट्सॲपवर 'कस्टममध्ये पकडलेला माल, अर्ध्या किमतीत' आलंय. खरं असतं का?

नाही. सीमाशुल्क विभाग जप्त मालाचा लिलाव जाहीर सूचना देऊन करतो, फोनवर फोटो पाठवून नाही. ॲडव्हान्स भरलात तर पैसे गेले, न भरता पार्सल मागवलंत तर कॉपी आली. याशिवाय दुसरा निकाल मी बघितलेला नाही.

१४. भाऊ दुबईहून आणतोय. स्वस्त पडेल ना? आणि वॉरंटी इथे चालेल?

अधिकृत दुकानातून घेतलं तर घड्याळ खरं आणि मोठ्या ब्रँडची आंतरराष्ट्रीय वॉरंटी इथेही चालते. रोलेक्स आणि ओमेगा दोघेही पाच वर्षं देतात. कार्डावर विक्रीची तारीख हवी. काही दुकानं घड्याळ खरं विकतात पण ब्रँडच्या साखळीबाहेरून आणलेलं, त्याला ग्रे मार्केट म्हणतात. ते नकली नसतं, वॉरंटी मात्र ब्रँडची नसून दुकानाची असते.

स्वस्त पडेलच असं नाही. सामानातून आणलेल्या वस्तूंना शुल्कमुक्त मर्यादा असते, ती आणि शुल्काचा दर बदलत असतो, म्हणून प्रवासाआधी सीमाशुल्काच्या संकेतस्थळावर बघा. लाखांचं घड्याळ त्या मर्यादेत बसत नाही, ते जाहीर करून शुल्क भरायचं असतं. 'हातात घालून ये, कोणी विचारत नाही' हा सल्ला देणारा विमानतळावर तुमच्या सोबत नसतो. शिवाय भारताचा स्वित्झर्लंडसह चार देशांशी केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क त्यात टप्प्याटप्प्यानं उतरत जाणार आहे. दुबई आणि इथली किंमत यातलं अंतर आता दरवर्षी नव्यानं मोजायला हवं.

१५. होणाऱ्या जावयाला लग्नात घड्याळ द्यायचंय. बजेट पंचवीस हजार, पण 'मोठं नाव' हवं असं घरचे म्हणतात.

पंचवीस हजारांत रोलेक्स येत नाही, आणि येते ती कॉपी. मांडवात ती घातलीत आणि सहा महिन्यांनी जावई ती सर्व्हिसला घेऊन गेले तर तिथला माणूस त्यांना सांगेल की हे नकली आहे. मग तुमच्या घराबद्दल काय वाटेल याचा विचार करा. अशी दोन माणसं माझ्या टेबलासमोर बसलेली आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

या बजेटमध्ये सिटिझनचं उजेडावर चालणारं, सेइकोचं ऑटोमॅटिक किंवा टायटन एज बघा. एज मला मनापासून आवडतं. २००२ मध्ये आलं तेव्हा त्याचं मशीन अवघं १.१५ मिलिमीटर जाडीचं होतं, आणि ते आपल्याकडे बनलेलं. शर्टाच्या बाहीखाली सहज जातं. बजेट थोडं वाढवता आलं तर टिसॉट. १८५३ पासूनचं नाव आहे, सर्व्हिस सोपी आहे. बिल आणि वॉरंटी कार्ड भेटीसोबतच द्या, लपवू नका.

१६. रोलेक्ससारखंच दिसतं पण नाव दुसरंच आहे. ही कॉपी का?

नाही, याला होमेज म्हणतात. १९५३ मध्ये आलेल्या रोलेक्सच्या 'सबमरीनर' घड्याळाच्या रूपावरून कित्येक कंपन्यांनी घड्याळं काढली, पण डायलवर स्वतःचं नाव छापलं. तो माल कायदेशीर, स्वतःच्या वॉरंटीचा, आणि बऱ्याचदा आत चांगलं जपानी मशीन असतं. ज्यांना ते रूपच आवडतं त्यांच्यासाठी हा प्रामाणिक मार्ग आहे. नाव दुसऱ्याचं छापलं की मात्र ते प्रश्न ३ मध्ये गेलं.

१७. आजोबांचं जुनं घड्याळ सापडलंय / बुधवारच्या बाजारात जुनं एचएमटी मिळालं. खरं कसं ओळखू?

आजोबांचं असेल तर आधी अभिनंदन. फेव्हर-ल्यूबा, वेस्ट एंड, कॅमी ही त्या पिढीची नावं. चावी फिरवून बघू नका, वर्षानुवर्षं तेल वाळलेलं असतं आणि कोरडं मशीन चालवलं की दातेरी चाकं झिजतात. आधी उघडून साफ करून घ्या. डायल 'नवं करून देतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. फिकट झालेलं मूळ डायल रंगवलेल्या नव्या डायलपेक्षा मोलाचं आहे. अंधारात चमकणारे काटे असतील तर ते खरवडू नका, साठच्या दशकापर्यंत त्यात रेडियम वापरत असत. उघडायचं काम जाणत्यावरच सोपवा.

बाजारातल्या एचएमटीचं वेगळं आहे. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये कारखाना बंद झाला. कारखाना बंद, मागणी चालू, म्हणून जुन्या मशीनवर भडक निळी-लाल नवी डायलं चढवलेली घड्याळं सुळसुळली आहेत. त्यांत मशीन एचएमटीचं खरं, डायल छापलेलं. कंपनीनं कधी काढलाच नाही अशा रंगात 'जनता' किंवा 'पायलट' दिसलं की समजा. शंभर-दोनशे रुपयांच्या हौसेला हरकत नाही, दुर्मीळ म्हणून पाच हजार देऊ नका.

१८. प्रत्येक भाग ओरिजिनल आहे, पण घड्याळ ओरिजिनल नाही असं कोणी सांगितलं. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि हा सगळ्यात अवघड प्रकार आहे. एका घड्याळाची केस, दुसऱ्याचं डायल, तिसऱ्याचं मशीन जोडलं की सगळे भाग खरे पण घड्याळ कारखान्यातून कधी बाहेर न पडलेलं. जिनिव्हात २०२१ मध्ये एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकांना गेलं. २०२३ मध्ये खुद्द ओमेगानंच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेलं होतं. तिथे जाणकारांची फौज होती. म्हणून जुनं आणि खूप महाग, अशा घड्याळात ब्रँडच्या जुन्या नोंदींचा उतारा मागवल्याशिवाय पुढे जाऊ नका. लाँजिन्ससारखे ब्रँड असा उतारा देतात.

याचाच घरगुती प्रकार: खऱ्या घड्याळावर बाहेरून हिरे बसवून घेणं किंवा सोन्याचा मुलामा चढवणं. सराफाचं काम सुबक असलं तरी ब्रँडच्या दृष्टीनं घड्याळात फेरफार झाला. वॉरंटी जाते, सर्व्हिस सेंटर परत पाठवू शकतं, आणि विकताना हिऱ्यांचे पैसे येत नाहीत.

१९. सोन्याचं घड्याळ सराफाकडे कसाला लावून घेतलं तर चालेल?

सोनं खरं आहे एवढंच कळेल, घड्याळाचं नाही. खऱ्या सोन्याच्या केसमध्ये नकली मशीन बसवलेलं असू शकतं. अठरा कॅरटच्या स्विस केसवर ७५० हा आकडा असतो आणि १९९५ पासून स्विस सरकारी छापात सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं असतं. ते भिंगातून बघा. कसोटीच्या दगडावर घासू मात्र नका. तेवढ्या ओरखड्यानं किंमत उतरते.

२०. कॉपीवर १०० मीटर लिहिलंय. रहाडीत (रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात) घालून उतरू का?

नको. त्यावर काहीही लिहिलेलं असतं, आत रबरी सीलच नसतं किंवा वाळलेलं असतं. खऱ्यावरही ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले थेंब, पोहणं नाही. रंगपंचमीच्या रहाडीत उतरताना कोणतंही घड्याळ घरी ठेवा. रंग सीलच्या फटीत बसतो आणि निघत नाही.

२१. फसलो. ओरिजिनल सांगून कॉपी दिली. आता काय करू?

घड्याळ उघडू देऊ नका, वापरणं थांबवा, सगळे मेसेज, जाहिरातीचा फोटो, पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा. ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरकडून 'हे आमचं नाही' असं लेखी मिळतंय का बघा. तोंडी सांगितलेलं पुढे चालत नाही. मग दुकानाला लेखी मागणी करा, तारखेसकट.

ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: नाशिकमध्ये आहे, ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचे वाद तिथे चालतात, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. ऑनलाइन विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. वकील लावायलाच हवा असं नाही. ऑनलाइन पैसे पाठवून विकणारा गायब झाला असेल तर लगेच १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते. बिल नसेल तर हे सगळं अवघड होतं, म्हणून प्रश्न ७ आधी वाचायचा असतो.

२२. भेट मिळालेलं घड्याळ नकली निघालं. देणाऱ्याला सांगू का?

आधी हे बघा की देणाऱ्याला माहीत होतं का. बहुतेक वेळा नसतं, त्यानं भरपूर पैसे मोजलेले असतात आणि तोच फसलेला असतो. तसं असेल तर सांगा, एकट्यात, बिल मागून: 'सर्व्हिससाठी बिल लागतंय' असं म्हटलं की विषय आपोआप निघतो आणि तक्रारीची दोन वर्षांची मुदत संपली नसेल तर त्याला पैसे परत मागता येतात. माहीत असूनच दिलं असेल तर सांगून काही हाती लागत नाही. घड्याळ चालतंय तोवर घरात वापरा, पुढे कोणाला भेट देऊ नका, आणि विकू तर अजिबात नका.